झोपलेल्या भवानीचं दर्शन: आईला तुळजापूरला निद्राकाळात न्यावं का?

परडी | १२ नोव्हेंबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. आमची कुलस्वामिनी तुळजाभवानी. आई ७५ वर्षांची आहे, दोन्ही गुडघे गेलेत, पण डोकं आणि हट्ट दोन्ही शाबूत आहेत. गेल्या महिन्यापासून एकच म्हणतेय, "मला एकदा तुळजापूरला न्या." तेवढंच असतं तर धागा काढला नसता. तिला देवी पलंगावर असते त्या दिवसांतच जायचंय.

मागची गोष्ट अशी. आईचं लग्न मे १९६९ मधलं. मराठवाड्यातून सोलापूरला सासरी आली. त्याच वर्षी दसऱ्यानंतर आजीने (म्हणजे तिच्या सासूबाईंनी) तिला बरोबर घेतलं आणि दोघी सोलापूरहून चालत तुळजापूरला गेल्या. कोजागिरीच्या आदल्या दिवशी पोचल्या. आईने कुलदेवतेचं पहिलं दर्शन घेतलं ते असं, की सिंहासन रिकामं आणि देवी शेजघरात निजलेली. त्यानंतर ती सात वेळा जाऊन आली, प्रत्येक वेळी देवी सिंहासनावर होती. आता म्हणते, "एकदा पुन्हा निजलेली बघायचीय." का, ते सांगत नाही.

इकडे मामा आणि मोठी काकू दोघांचाही विरोध आहे. काकूंचं म्हणणं, निद्राकाळात जाऊन उपयोग काय, अभिषेक नाही, पूजा नाही. मामा म्हणतात, नवरात्रात जा, अलंकार पूजा तरी बघायला मिळेल.

तेव्हा जाणकारांना विचारते:
निद्राकाळात दर्शन मिळतं ना? त्या काळात जाणं अयोग्य समजतात का? वर्षातून तीनदा असते असं ऐकलंय, त्यातली कुठली वेळ म्हाताऱ्या माणसाला सोसेल? आणि त्या पायऱ्या!

---

बालाघाटी | १२ नोव्हेंबर, रात्री १०.२५

मी तुळजापूरचाच. आईसाहेबांना आधी नमस्कार सांगा.

दर्शन मिळतं, निश्चिंत राहा. देवीची मूर्ती चल आहे, म्हणजे सिंहासनात कायमची घट्ट बसवलेली नाही. वर्षातून तीन वेळा ती सिंहासनावरून उचलून गाभाऱ्याशेजारच्या शेजघरात चांदीच्या पलंगावर निजवतात. यालाच मंचकी निद्रा म्हणतात.

पहिली भाद्रपद वद्य अष्टमीपासून अमावस्येपर्यंत, नवरात्राच्या आधी. ती घोरनिद्रा. मग घटस्थापनेच्या पहाटे देवी सिंहासनावर येते आणि दुपारी घट बसतात. दुसरी दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर कोजागिरीपर्यंत, ती श्रमनिद्रा. तिसरी पौषात, शाकंभरी नवरात्राच्या आधी आठवडाभर, ती मोहनिद्रा. सगळे मिळून २१ दिवस भरतात असं आम्ही धरतो.

तुमच्या आईंनी पाहिली ती श्रमनिद्रा.

काकूंचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. या दिवसांत पंचामृत अभिषेक आणि सिंहासन पूजा बंद असतात. ज्यांचा दही-श्रीखंडाच्या सिंहासन पूजेचा नवस असेल त्यांनी येऊ नये, हेलपाटा पडेल. पण देवीची सेवा बंद नसते. पंचामृताऐवजी सुगंधी तेल लावतात. दमलेल्या माणसाच्या अंगाला लावावं तसं.

पायऱ्यांबद्दल उद्या सविस्तर लिहितो, आता पहाटे उठायचंय.

---

नित्यनेम | १३ नोव्हेंबर, सकाळी ७.०५

माझं मत वेगळं आहे, राग मानू नये. देवता विश्रांती घेत असताना आपण आपली गाऱ्हाणी घेऊन दारात उभं राहणं बरोबर नाही. घरात आई दुपारी लवंडली असेल तर आपण तिला हाक मारत नाही. आमच्या घरात निद्राकाळात तुळजापूरला जायचं नाही असाच दंडक आहे. वडिलांनी तो पाळला, मीही पाळतो. वृद्ध माणसाची इच्छा मोठी हे मान्य, पण कुळाचाराला काही अर्थ असतो.

---

सोलापूरकर_६६ | १३ नोव्हेंबर, सकाळी ८.३०

नित्यनेम, तुमच्या घरचा दंडक तुमच्यासाठी बरोबर. पण मग कोजागिरीला सोलापूरहून रात्रभर चालत जाणाऱ्या लाखो लोकांचं काय? त्यातले कितीतरी पौर्णिमेच्या आधीच पोचतात. त्यात नुसते आम्ही सोलापूरकर नसतो, कर्नाटकातून आणि तेलंगणातून येणारे असतात. अनवाणी पोरं, डोक्यावर परडी घेतलेल्या बाया, गळ्यात कवड्यांच्या माळा. सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर त्या दिवसांत वाहतूक वळवावी लागते. ४५ किलोमीटर आहे. देवी निजलीय म्हणून कुणी माघारी फिरत नाही, आणि कुणी गाऱ्हाणंही घालत नाही. पहाटे ती उठणार असते, त्या वेळेला आपण दारात असावं एवढंच.

परडीताई, तुमच्या आई १९६९ ला चालल्या तेव्हा वाटेत काय सोय होती हो? आता जागोजागी चहा-फराळ वाटणारे मांडव असतात. माझी आत्या सांगायची, तेव्हा तामलवाडीला जरा टेकायचं आणि पुन्हा उठायचं, बस.

---

परडी | १३ नोव्हेंबर, सकाळी ११.१५

@सोलापूरकर_६६, आत्ताच आईला वाचून दाखवलं. तामलवाडीचं नाव ऐकून हसली. म्हणाली, "तामलवाडीला उजाडलं होतं. सासूबाईंनी पिठलं-भाकरी बांधून घेतली होती, ती विहिरीवर खाल्ली." एवढंच सांगून गप्प.

@नित्यनेम, राग अजिबात नाही. तुम्ही लिहिलंत तेच माझ्याही मनात होतं म्हणून तर विचारलं. आईला तुमचा मुद्दाही वाचून दाखवला. ती म्हणाली, "हाक कुठे मारायचीय? बघायचंय फक्त."

---

माहूरची_लेक | १३ नोव्हेंबर, दुपारी १.५०

मला तर हे सगळंच नवीन आहे! आमची रेणुका. माहूरला देवीचा तांदळा आहे, म्हणजे फक्त मुख, शेंदूर लावलेलं, डोंगराच्या अंगातूनच वर आलेलं. ती हलणार कुठून? तिला निजवणं ही कल्पनाच आमच्याकडे नाही. आम्ही कुटलेल्या विड्याचा तांबूल वाहतो आणि तोच प्रसाद म्हणून खातो. साडेतीन पीठांतली ही दोन पूर्ण पीठं, आणि एक देवी डोंगराला धरून बसलेली तर दुसरी पालखीत बसून मंदिराला प्रदक्षिणा घालणारी. हे आजवर कधी ध्यानातच आलं नव्हतं.

---

करवीरकन्या | १३ नोव्हेंबर, दुपारी २.३०

आमच्या अंबाबाईची रोज रात्री शेजारती होते, पण मूर्ती जागेवरच. आमच्याकडे देवी हलत नाही, तिच्याकडे उन्हं चालत येतात. नोव्हेंबरात आणि जानेवारीअखेरीस मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात. एके दिवशी पायांवर, मग छातीपर्यंत, मग मुखावर. ढग किंवा धुरकं आडवं आलं तर वर्षभर हुरहुर लागते.

---

मोडीवाचक | १३ नोव्हेंबर, रात्री ८.४५

माहूरची_लेक यांच्या मुद्द्यावरून लिहितो, थोडं लांबेल.

मूर्ती चल असणं ही तुळजापूरची मोठी खूण आहे. मूर्ती काळ्या गंडकी शिळेची, साधारण तीन फुटांची, अष्टभुजा महिषासुरमर्दिनी. हातांत त्रिशूळ, बिचवा, बाण, चक्र, शंख, धनुष्य, पानपात्र आहे आणि एका हाताने दैत्याची शेंडी धरलीय. एका बाजूला मार्कंडेय ऋषी आणि दुसऱ्या बाजूला कर्दम ऋषींची पत्नी अनुभूती. तिच्याच हाकेला देवी त्वरित धावली म्हणून ती त्वरिता, आणि त्याचंच पुढे तुळजा झालं असं माहात्म्यात सांगतात. चंद्र-सूर्यही कोरलेले आहेत. हे सगळं वस्त्रालंकारांखाली झाकलेलं असतं म्हणून आपल्याला फक्त मुखच आठवतं.

१६५९ मध्ये अफझलखान विजापुराहून निघाला तेव्हा त्याने तुळजापूरला उपद्रव दिला. १६९७ च्या सभासद बखरीत त्याने मूर्ती फोडल्याचं लिहिलंय. पुजाऱ्यांच्या परंपरेत मात्र मूर्ती आधीच हलवून लपवल्याचं सांगतात. बखर घटनेनंतर जवळजवळ ४० वर्षांनी लिहिली गेली हे ध्यानात ठेवून दोन्ही ऐकावं. पण जी मूर्ती वर्षातून तीनदा उचलायची सवय माणसांच्या हातांना आहे, ती संकटात उचलून नेणं त्यांना सुचलं असेल, हे मला तरी पटतं. निद्रेचा विधी म्हणजे नुसता उपचार नाही. पिढ्यानपिढ्या ठरलेल्या घराण्यांचे हात त्या शिळेचं वजन ओळखून आहेत.

भोसल्यांची ही कुलदेवता. तुळजापूर तेव्हा आदिलशाही मुलखात असल्यामुळे शिवाजी महाराजांनी प्रतापगडावर भवानीची स्थापना केली. आणि तुळजापूरच्या महाद्वारांना शहाजीराजे व जिजाऊंची नावं आहेत. आत उतरलात की सरदार निंबाळकर दरवाजा लागतो. परडीताई, आईंना घेऊन उतराल तेव्हा तिथे क्षणभर थांबा, दगडी काम बघण्यासारखं आहे.

---

रानपाखरू | १३ नोव्हेंबर, रात्री ९.१०

वाचनखूण साठवली. मोडीवाचक, सुंदर प्रतिसाद.

परडी, एक सावधगिरी. दोन वर्षांपूर्वी सासूबाईंना घेऊन गेले होते. बसस्थानकाजवळच एक जण मागे लागला, "निद्रेतल्या देवीची खास पूजा करून देतो", आणि बरेच पैसे मागितले. सासूबाई भोळ्या, त्यांनी पर्स उघडलीसुद्धा. आत गेल्यावर कळलं, तशी पूजा त्या दिवसांत होतच नाही. संस्थानाच्या कार्यालयात चौकशी करा, पैसे दिले तर पावती घ्या. बाकी गावातल्या माणसांनी फार जीव लावला. एका बांगडीवालीने सासूबाईंना स्वतःच्या स्टुलावर बसवलं आणि हिरव्या बांगड्या भरल्या.

---

बालाघाटी | १४ नोव्हेंबर, पहाटे ५.२०

रानपाखरू, तुम्हाला तो अनुभव आला याचं वाईट वाटलं. गाव मोठं झालं की अशी माणसं येतात. ज्यांच्या घराण्याचा पिढीजात पुजारी आहे त्यांनी त्यांनाच आधी फोन करावा. पुजाऱ्यांकडे यजमानांच्या वह्या असतात. परडीताई, तुमच्या आजोबांचं नाव आणि मूळ गाव सांगितलंत तर तुमचं घराणं कुणाच्या वहीत आहे ते सापडेल. कदाचित १९६९ ची नोंदसुद्धा.

आता पायऱ्या. तुळजापूरला बाहेरून येणारा चकतो. इतर देवी डोंगरावर चढून भेटतात, आमची उतरून भेटते. मंदिर डोंगराच्या कुशीत खाली आहे. महाद्वारातून आत आलात की उतरतच जायचं. वाटेत कल्लोळ तीर्थ, मग गोमुख. गोमुखातून पाणी सतत वाहतं, लोक हातपाय धुऊन पुढे जातात. तिथली फरशी ओली असते, गुडघे दुखणाऱ्या माणसाचा पाय नेमका तिथेच सरकतो. एका हाताला तुम्ही, दुसऱ्या हाताला काठी. आणि हे ध्यानात ठेवा, जाताना उतार असल्यामुळे माणूस खुशीत जातो, परतताना तोच चढ होतो. आईंची ताकद परतीसाठी राखून ठेवा. मंडपात बसवा, घाई करू नका. ज्येष्ठांसाठी त्या वेळी काय सोय चालू आहे ते आदल्या दिवशी कार्यालयात विचारून घ्या.

मंगळवार, शुक्रवार, रविवार आणि पौर्णिमा टाळा.

तीन निद्रांपैकी कुठली? श्रमनिद्रा यंदाची होऊन गेली, आणि तेव्हाची गर्दी ७५ वर्षांच्या गुडघ्यांसाठी नाही. घोरनिद्रेच्या शेवटी नवरात्रासाठी ज्योत न्यायला येणाऱ्या मंडळांची रीघ लागते. पौषातली मोहनिद्रा सगळ्यांत शांत. थंडी असते, ऊन सोसवतं. पौषातच या.

---

नित्यनेम | १४ नोव्हेंबर, सकाळी ७.००

बालाघाटी, एक विचारतो. निद्राकाळात तुळजापुरातली माणसं घरी काही पाळतात का?

---

बालाघाटी | १४ नोव्हेंबर, दुपारी १२.१०

पाळतात. आमच्या घरात आजी, आई दोघी त्या दिवसांत गादी-पलंगावर झोपत नव्हत्या. खाली घोंगडी अंथरायची. देवी पलंगावर, आपण जमिनीवर. याला आम्ही पलंग पाळणं म्हणतो. बायको अजून पाळते, मीही घोरनिद्रेपुरतं पाळतो.

आणि घोरनिद्रेआधीची एक गोष्ट फारशी कुणी लिहीत नाही. देवीच्या गाद्यांचा कापूस बायका हाताने निवडून पिंजतात. गावातल्या असतात, आराधिनी असतात. मंदिरात बसून, गाणी म्हणत. सरकीचा कण राहू द्यायचा नाही. देवीला टोचेल म्हणून.

---

नित्यनेम | १४ नोव्हेंबर, दुपारी १२.४०

हे माहीत नव्हतं. टोचेल म्हणून, हे वाचून थांबलो.

परडीताई, मी माझा दंडक सोडणार नाही, पण तुमच्या आईंना न्या. माझ्याकडूनही नमस्कार सांगा तिला. देवीला म्हणतोय, आणि आईंनाही.

---

करवीरकन्या | १४ नोव्हेंबर, दुपारी ३.००

मामांच्या मुद्द्यावर. नवरात्रातल्या अलंकार पूजा बघण्यासारख्याच असतात. रथ अलंकार, मुरली अलंकार, शेषशाही, भवानी तलवार, महिषासुरमर्दिनी. मी भवानी तलवार अलंकाराच्या दिवशी गेले होते. पण रांगेत इतके तास उभी होते की समोर पोचल्यावर डोळ्यांत फक्त घाम होता. ७५ व्या वर्षी नकोच. आणि आईंना काय हवंय ते त्यांनी इतकं स्पष्ट सांगितलंय, तर तेच द्या.

---

सोलापूरकर_६६ | १४ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.२०

+१

आणि श्रमनिद्रा का म्हणतात ते ज्यांनी सीमोल्लंघन पाहिलंय त्यांना सांगावं लागत नाही. मी २०११ साली पाहिलं. दसऱ्याच्या पहाटे मूर्तीला १०८ साड्यांचं दिंड बांधतात, गुंडाळून गुंडाळून, लेकराला थंडीत बांधतात तसं. मग पालखीत घालून मंदिराला प्रदक्षिणा. पालखी आणि पलंग नगरकडच्या भागातून वाजतगाजत येतात, त्यांचे मानकरी पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले. पिंपळाच्या पारावर देवी जरा टेकते. वरून कुंकवाचा पाऊस, संबळ कडाडतोय, "आई राजा उदो उदो" असा गजर की छाती थरथरते. आणि मग तिला नेऊन निजवतात. त्या गजरानंतर शेजघराच्या दारात जी शांतता होते ती ऐकलेला माणूस निद्राकाळात जाऊ नये असं म्हणणार नाही. नऊ दिवस लढलेल्या बाईला आपण भेटायला जातो, मागायला नाही.

---

परडी | १५ नोव्हेंबर, सकाळी १०.००

सगळ्यांचे मनापासून आभार. पौषात जायचं ठरलं. मामांना धागा वाचायला दिला, काही बोलले नाहीत पण गाडी तेच चालवणार म्हणाले. बालाघाटी, आजोबांचं नाव व्यक्तिगत निरोपात कळवते.

---

रानपाखरू | २ जानेवारी, दुपारी ४.१५

परडी, जाऊन आलात का? रोज धागा उघडून बघतेय.

---

परडी | ५ जानेवारी, रात्री १०.५०

जाऊन आलो. लिहायला बसायचं म्हणून दोन-तीनदा बसले आणि उठले.

बुधवारी संध्याकाळी पोचलो, गुरुवारी पहाटे निघालो. थंडी कडक होती. आईने आजीचं इरकल नेसलं होतं. पायऱ्या ती आडवं होऊन उतरली, एक हात भिंतीला, एक माझ्या खांद्यावर. निंबाळकर दरवाज्याशी थांबलो (मोडीवाचक, आईने त्या दगडावरून हात फिरवला). गोमुखाशी बालाघाटींनी सांगितल्याप्रमाणे दोघांनी धरलं, तिने पाणी डोळ्यांना लावलं.

गाभाऱ्यात सिंहासन रिकामं. मला आधीपासून माहीत असूनही पोटात खड्डा पडला. मामा तर आजवर कधी निद्राकाळात आलेलेच नव्हते, ते चटकन म्हणाले, "अगं, देवी कुठाय?" आईने त्यांच्या दंडाला धरून शेजघराकडे वळवलं. मामांनी "आई राजा" म्हणायला तोंड उघडलं, तशी आई म्हणाली, "हळू."

तिने हात जोडले नाहीत लगेच. बघत राहिली. आजूबाजूला सात-आठच माणसं होती, कुणी ढकललं नाही. मग ओटी दिली, नमस्कार केला आणि मागे न बघता बाहेर आली. प्रांगणात होमकुंडापाशी ऊन यायला लागलं होतं, तिथे बसली. मी चहा आणते म्हटलं तर म्हणाली, "थांब, बस."

मग सांगितलं. १९६९ ला त्या दोघी पोचल्या तेव्हा आईच्या पायांना फोड आले होते. १९ वर्षांची होती. आजी करारी बाई, लग्नाला पाच महिने झाले तरी एक मऊ शब्द नाही. वाटेतही "चल" यापलीकडे बोलली नव्हती. शेजघराच्या दारात आई दमून हुंदका देणार तोच आजी कानाशी म्हणाली, "हळू. श्रमलीय ती."

रात्री धर्मशाळेत निजायला गेल्या. आजीने चुलीवर खोबरेल कोमट केलं आणि सुनेचे पाय मांडीवर घेतले. आई लाजून उठायला लागली तर आजीने दाबून धरले. झोप लागेपर्यंत चोळत होती. बोलली काहीच नाही. सकाळी उठून पुन्हा तीच करारी बाई. १९९१ साली आजी गेली, तोपर्यंत असं पुन्हा कधी झालं नाही. आईने हे बाबांनाही सांगितलं नव्हतं.

मी तुमचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला होता, बालाघाटी, या दिवसांत देवीला सुगंधी तेल लावतात तो. होमकुंडापाशी आई म्हणाली, "तेलाचं मला माहीतच नव्हतं. तू वाचलंस तेव्हा कळलं. त्यांना ठाऊक असणार."

परतीचा चढ तिने चार ठिकाणी बसून केला. गुडघे दोन दिवस सुजले होते, आता बरे आहेत.

---

नित्यनेम | ६ जानेवारी, सकाळी ६.५०

वाचलं. आईंना साष्टांग नमस्कार.

---

माहूरची_लेक | ६ जानेवारी, सकाळी ९.३०

ऑफिसात वाचायला नको होतं. माझ्या आजेसासूबाई आहेत अजून, ९१ च्या. आज संध्याकाळी जातेय त्यांच्याकडे.

---

मोडीवाचक | ६ जानेवारी, सकाळी ११.२०

वहीचं काय झालं? सापडलं का घराणं?

---

परडी | ६ जानेवारी, दुपारी १.०५

हो, ते राहिलंच! पुजारीकाकांनी वही काढून ठेवली होती. पणजोबांचं नाव आहे, आजोबांचं आहे, बाबांच्या जन्मानंतर जावळाला आले होते ती नोंद आहे. १९६९ ची नाही. काका म्हणाले, बायका आपापल्या चालत आल्या की नोंद बहुधा होत नसे. मग त्यांनीच पेन पुढे केलं. आईने बाबांच्या नावाखाली आजीचं नाव लिहिलं, मग स्वतःचं, पुढे "चालत".

@बालाघाटी, आईचा एक निरोप आहे. तिने विचारलंय, भाद्रपदात गाद्यांचा कापूस पिंजायला बाहेरगावच्या बायकांना बसू देतात का?

---

बालाघाटी | ६ जानेवारी, रात्री ९.४५

बसू देतात की. खाली बसायला जमणार नसेल तर भिंतीला टेकायची जागा बघून देतो. अष्टमीच्या दोन-तीन दिवस आधी फोन करा, नेमका दिवस सांगतो. आमच्याच घरी उतरा. फक्त आईंना विचारून ठेवा, सरकी काढायची सवय आहे का? नव्या माणसाची बोटं दुखतात.

---

परडी | ६ जानेवारी, रात्री १०.१०

विचारलं. म्हणाली, "सांग त्यांना, माझं माहेर परभणीचं. दिवाळीत अर्धं घर कापसाने भरलेलं असायचं."